सूनबाईंची बाल्टी आणि तुमची आमटी

या वेळचं पत्र साताऱ्याहून आलंय. थोडं कापून देते:

«मी शिक्षिका होते, आता निवृत्त. मुलगा बर्मिंगहॅमला असतो. सून तिथलीच, इंग्रज. नात साडेचार वर्षांची. मे महिन्यात पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी जातेय. सून दर आठवड्याला ‘करी’ करते म्हणे. म्हणजे काय, तर बरणीतला मसाला कढईत ओतायचा, त्यात कोंबडी टाकायची, झालं. नाहीतर सगळे बाहेर जाऊन ‘बाल्टी’ नावाची करी खातात. मुलगाही ते आवडीने खातो, याचं जास्त वाईट वाटतं. परवा फोनवर म्हटलं, आता मी आले की तुम्हाला खरं जेवण घालते. तर म्हणाला, ‘आई, घाल की, पण जरा बेताने. मसाल्याचा वास घरात फार राहतो.’ तेव्हापासून जाण्याचा उत्साहच गेलाय. सहा महिने गप्प बसून बरणीतलं खायचं, की सुनेला आपलं शिकवायचं? आणि इथून नेऊ तरी काय काय? – एक सासू, सातारा»

ताई,

वासाचं आधी घेऊ. पत्रातलं खरं दुखणं तेच आहे, बाकीचे प्रश्न त्याच्या मागून आलेत.

तिकडची घरं थंडीसाठी बांधलेली असतात. दुहेरी काचांच्या खिडक्या, जमिनीवर गालिचा, दाराशी खुंट्यांवर लोकरीचे कोट. शेगडीवरचा पंखा बऱ्याच घरांत हवा बाहेर टाकतच नाही, जाळीतून गाळून परत खोलीतच सोडतो. आणि पावसापाण्यामुळे धुतलेले कपडे वर्षातले कितीतरी महिने घरातच, दांडीवर किंवा रेडिएटरवर वाळत पडलेले असतात. अशा घरात लसणाची चरचरीत फोडणी पडली, की दुसऱ्या दिवशी मुलाच्या ऑफिसच्या शर्टाला आणि नातीच्या शाळेच्या स्वेटरला तोच वास. साताऱ्यात मागचं दार उघडं असतं म्हणून आपल्याला हे कधी कळतच नाही. तेव्हा तुमचा मुलगा बोलला ते बरंचसं धुण्याबद्दल होतं असं धरून चाला. थोडा संकोचही असेल, नाही कशाला म्हणू. तुमच्या अंगाला करीचा वास येतो, हा टोमणा इथे ब्रिटनमध्ये आधी आलेल्या आपल्या लोकांनी शाळेत, कारखान्यात, बसमध्ये भरपूर ऐकलाय आणि त्याची धास्ती पुढच्या पिढीतही उतरलीय. पण त्याने तुम्हाला नको म्हटलेलं नाही. घाल म्हणालाय. ते तुम्ही पत्रात लिहिलंत आणि लगेच विसरलात.

उपाय सोपे आहेत. खिडकी फोडणीच्या आधी उघडायची, धूर झाल्यावर नव्हे. स्वयंपाकघराचं दार लावायचं, वाळत घातलेले कपडे आणि कोट वरच्या खोलीत नेऊन त्या खोलीचंही दार लावायचं. कांदा-खोबरं तव्यावर भाजत बसण्यापेक्षा ओव्हनच्या ताटात पसरून भाजायचं, रंग छान एकसारखा येतो आणि धूर जवळजवळ नाही. वाटण एकदाच भरपूर करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलंत, की रोज उठून भाजाभाजी नाही. तुम्ही मे ते ऑक्टोबर जाताय, म्हणजे खिडक्या उघड्या ठेवता येतात ते सगळे महिने तुमच्या वाट्याला आलेत. मासे तळायचे झाले तर परसात छोटी गॅसची शेगडी मांडून तळा, शेजारी बार्बेक्यू करतात तसंच. सुका बोंबील मात्र भाजू नका. त्यावर कुठलाही उपाय नाही, आणि धूर ओळखणारा भोंगा वाजला की नात घाबरेल ती वेगळीच.

आता बरणी आणि बाल्टी. तुम्ही दोन्ही एकाच दमात उडवून लावल्यात, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तांबडा-पांढरा जसा कोल्हापूरचा, तशी बाल्टी बर्मिंगहॅमची. 1970 च्या दशकात शहराच्या स्पार्कब्रुक, स्पार्कहिल या भागांत पाकिस्तानातून, त्यातही मीरपूरकडून आलेल्या मंडळींनी ती तिथे रुजवली. पातळ पोलादी पत्र्याची दोन कानांची कढई, खाली भरमसाट आच, तुपाऐवजी तेल, हाडाविना कोंबडीचे तुकडे, आलं-लसूण, टोमॅटो, सिमला मिरची, वरून मेथी. तासभर रटरटत ठेवायचं नाही, झपाट्याने परतायचं आणि उकळत्या कढईसकट गिऱ्हाइकासमोर आणून ठेवायचं. भात नाही, चमचे नाहीत. टेबलभर पसरलेला एकच अवाढव्य नान येतो, तो सगळ्यांनी मिळून तोडायचा. लेडीपूल रोड, स्टोनी लेन, स्ट्रॅटफर्ड रोड या रस्त्यांवर अशी इतकी दुकानं झाली, की त्या भागाला ‘बाल्टी ट्रँगल’च म्हणू लागले. बहुतेक ठिकाणी दारू विकत नाहीत. लोक आपापली बाटली पिशवीतून आणतात आणि मालक ग्लास देतो.

तुमची सून त्या शहरात वाढली. परीक्षा झाली, पगार झाला, कुणाचा वाढदिवस आला की त्या कढईभोवती बसायचं, हे तिच्या लहानपणापासूनचं असणार. म्हणजे बाल्टी हे तिच्या माहेरचं जेवण आहे, ताई. तुम्ही ‘खरं जेवण’ म्हणालात तेव्हा आपल्या स्वयंपाकाची बाजू घेतली असं तुम्हाला वाटलं. फोन स्पीकरवर असला आणि मुलाने तिला त्याचा अर्थ सांगितला असला, तर ते तिला कसं लागलं असेल ते तुम्हाला मी सांगायला नको. सासरचं कुणी तुमच्या आईच्या पिठल्याला नाव ठेवलेलं तुम्ही अजून विसरला नसाल.

म्हणून पहिल्याच शुक्रवारी तुम्हीच म्हणा, मला बाल्टी खायला न्या. मागवू दे तिलाच. आणि मनापासून खा. नान तोडून हाताने जेवायचं आहे, तेव्हा त्या टेबलावर सगळ्यांत सराईत तुम्हीच असाल.

बरणीबद्दल माझं मत तुमच्याहून फार वेगळं नाही. गोडसर असते, आंबटपणा एकसुरी असतो, आणि कोणतीही घ्या, दुसऱ्या दिवशी सगळ्यांची चव एकच लागते. पण ती बरणी कुणा गोऱ्या साहेबाने काढलेली नाही. तिथल्या दुकानात सगळ्यांत जास्त दिसणाऱ्या बरण्यांपैकी एक पाठकांची. लक्ष्मीशंकर पाठक 1956 साली केनियातून बायकामुलांना घेऊन लंडनला आले आणि घरच्या स्वयंपाकघरात समोसे, मिठाई करून विकू लागले. त्यातून लोणची, मसाले, पेस्ट असा तो धंदा वाढला. नोकरीवरून सातला घरी येणारी, साडेचार वर्षांची पोर कडेवर घेऊन उभी असलेली बाई बरणी उघडणारच. आपल्याकडे तयार इडलीचं पीठ आणणाऱ्या सुनांना आता कुणी काही बोलत नाही.

आणि बाहेरच्या ‘इंडियन’ हॉटेलात गेलात तर आधीच सांगून ठेवते, तिथला स्वयंपाकी बहुधा सिल्हेटचा असेल. ब्रिटनमधली बहुसंख्य करी हाउसं बांगलादेशातल्या सिल्हेट जिल्ह्यातल्या लोकांनी उभी केली, आणि त्यांच्या आधी जहाजांवरचे खलाशी त्याच भागातून आले होते. कांदे भरपूर पाण्यात गाजर-टोमॅटोसकट शिजवून, वाटून एक मोठं पातेलंभर रस्सा सकाळी तयार करतात. संध्याकाळी कोरमा म्हणा, ‘मद्रास’ नावाची तिखट करी म्हणा, सगळ्यांना पाया तोच. विंदालू गोव्यात डुकराच्या मटणाचा, व्हिनेगर आणि लसणाचा. इथे तो मद्रासच्या वरचा तिखट एवढ्याच अर्थाने मागवतात आणि त्यात बऱ्याचदा बटाटा निघतो. धनसाक पारशांकडे रविवारचं सुस्तावणारं डाळ-मटण, घरात कुणी गेलं तर चौथ्या दिवशी करायचं. इथे त्यात कधी कधी अननसाचे तुकडे सापडतात. चिकन टिक्का मसाल्याला तर परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी 2001 साली भाषणात ब्रिटनचा खराखुरा राष्ट्रीय पदार्थ म्हटलं. मला स्वतःला तो टोमॅटोच्या गोड सुपासारखा लागतो. पण कुकसाहेब बोलले त्यात गैर काही नव्हतं. तो पदार्थ ह्यांचाच आहे, ह्यांनाच लखलाभ होवो.

इंग्रजांच्या घरात हा प्रकार नवा नाही, हेही लक्षात असू द्या. हॅना ग्लास या बाईंच्या 1747 सालच्या पाकपुस्तकात हिंदुस्थानी पद्धतीने ‘करी’ कशी करावी हे दिलेलं आहे. तेव्हा आपल्याकडे शाहू महाराजांची गादी तुमच्याच साताऱ्यात होती. पुढे डब्यातली करी पावडर आली आणि तिच्याबरोबर बेदाणे, सफरचंदाच्या फोडी, वरून डेसिकेटेड खोबरं, बाजूला केळ्याच्या चकत्या. तुमच्या विहीणबाईंनी असली करी नक्की खाल्लेली असेल, कदाचित केलीही असेल. एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकासाठी 1953 साली केलेला ‘कॉरोनेशन चिकन’, म्हणजे करी पावडर घातलेल्या पांढऱ्या सॉसमधली थंड कोंबडी, अजून प्रत्येक स्टेशनवर सँडविचमध्ये भरून मिळते. कुणी प्रेमाने दिलं तर एकदा खाऊन बघा. दुसऱ्यांदा नाही म्हणायला हरकत नाही.

आता मुख्य. शिकवायचं का? तिने विचारलं तर. आणि ती विचारेल, पण तुम्ही आल्या दिवसापासून ओटा ताब्यात घेतलात तर नाही. ते घर तिचं आहे, स्वयंपाकघर तिचं आहे. आठवड्यातला एक दिवस मागून घ्या. ‘मंगळवारचं रात्रीचं जेवण मी करू का?’ एवढंच. नोकरी करणारी कुठलीही बाई याला नाही म्हणणार नाही. त्या दिवशी भांडं जिथून घेतलं तिथेच परत ठेवा, हळदीचे हात तिच्या पांढऱ्या लाकडी उलथन्याला लावू नका (तो डाग जात नाही, आणि तो डाग ती विसरतही नाही), आणि फ्रिझरमध्ये न विचारता वाटणाचे डबे रचू नका.

काय करायचं? श्रीखंड-पुरी, भरली वांगी, तांबडा रस्सा असा पहिल्याच दिवशी घाट घालू नका. हॉटेलातला मोठा थाट त्यांनी पाहिलेला आहे. आपण मंगळवारी रात्री काय जेवतो, ते त्यांनी कुठेच पाहिलेलं नाही. आमटी, भात, बटाट्याची काचऱ्यांची भाजी, काकडीची कोशिंबीर. बस.

पण कोशिंबिरीत कूट घालायच्या आधी थांबा. ही एकच गोष्ट मी तुम्हाला दटावून सांगणार आहे. साताऱ्याकडच्या स्वयंपाकात शेंगदाण्याचा कूट कशात नसतो? ब्रिटनमध्ये शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा प्रश्न गंभीर आहे, माणसं दगावतात. तिथल्या कायद्यात खाद्यपदार्थ विकणाऱ्याने 14 गोष्टी जाहीर कराव्याच लागतात, आणि त्यांत शेंगदाणे आहेत, तीळ आहेत, मोहरी आहे, गहू आहे. म्हणजे आपली फोडणी, आपला गोडा मसाला, आणि गव्हाच्या पिठात मळलेला हिंगसुद्धा. घरच्या जेवणाला कायदा लागत नसला तरी निघायच्या आधी मुलाला फोन करून घरात, विहिणीकडे, नातीच्या मैत्रिणींत कुणाला काय चालत नाही ते विचारून घ्या. नातीच्या शाळेच्या डब्यात दाण्याचा लाडू किंवा चटणी अजिबात जाऊ देऊ नका. बहुतेक शाळा सुकामेवा-शेंगदाणे आणूच देत नाहीत. कुणाच्या बाबतीत शंका असली तर कुटाऐवजी खोबरं. चव थोडी कमी पडेल, पडू दे.

आमटीला तुमचं नशीब बलवत्तर आहे. मी लंडनच्या कडेला राहते. इथलं पाणी इतकं जड, की किटलीत पांढरा थर साचतो आणि तूरडाळ भिजवल्याशिवाय मऊ होत नाही. बर्मिंगहॅमचं पाणी वेल्समधल्या एलान खोऱ्यातून येतं. 1904 सालापासून, सुमारे 117 किलोमीटर लांबीच्या नळातून. ते मऊ पाणी आहे. डाळ लोण्यासारखी शिजते, चहासुद्धा आमच्यापेक्षा चांगला होतो. चिंच-आमसूल मात्र डाळ पुरती शिजल्यावरच घाला, आंबट आधी पडलं की डाळ दाताखाली येते.

फोडणीला शेगडी कुठली आहे ते आधी बघा. गॅस असेल तर प्रश्नच नाही. काळ्या काचेखाली लाल होणारी विजेची शेगडी असेल, तर ती उशिरा तापते आणि बंद केली तरी बराच वेळ तापलेली राहते. तेल गार आहे म्हणून तुम्ही बटण वाढवता, आणि मग मोहरी तडतडायच्या ऐवजी एकदम काळी पडते. बटण मध्यावर ठेवा, तेल तापू द्या, मोहरीचा एक दाणा टाकून बघा. तो फुटला की बाकीची मोहरी टाका आणि लगेच पातेली उचलून शेजारच्या गार चकतीवर ठेवा. तेलात तेवढी धग असते. हिंग, हळद, कढीपत्ता तिथेच घाला. हळदीचा पिवळा फेस वर आला की त्यात घोटलेलं वरण, वर झाकण. इंडक्शन असेल तर उलट, ती सांगाल त्या क्षणाला तापते आणि गार होते, पण तिच्यावर ॲल्युमिनियमचा कुकर किंवा पितळी पातेली चालतच नाही. चुंबक चिकटेल असंच भांडं लागतं.

सून शेजारी उभी राहिली तर ती वजनकाटा काढेल. हसू नका. इंग्रज बाई ग्रॅममध्ये स्वयंपाक करते. तुम्ही मूठ भरा, तिला ती काट्यावर ओतू द्या, आकडा लिहू द्या. तुमच्या अंदाजाचा आकडा निघाला, तर तुम्ही परत आल्यावरही मंगळवारी आमटी होईल. आणि तिखटाला ती घाबरेल असं समजू नका. बर्मिंगहॅमची पोरगी आहे, तुमच्या मुलापेक्षा जास्त तिखट खात असेल. तिला अवघड जाईल ते दुसरंच. वरण-भात एकत्र कालवायचा, तो मऊ घास, तो पोत. इंग्रजांना रस्सा आणि भात शेजारी शेजारी लागतात. तिला तसं खायचं असेल तर खाऊ द्या.

विहीणबाईंना रविवारी बोलवा, त्यांच्याकडेही जा. बीफ खात नसाल तर हे मुलाने आधीच सांगून ठेवायला हवं, टेबलावर बसल्यावर नव्हे. मुळं-बटाट्यांसकट कोंबडीचा किंवा लँबचा रोस्ट तुम्हाला गोड लागेल. त्यांच्याकडे बोलताना एक गोष्ट विचारा: करडे वाटाणे. बर्मिंगहॅमला लागून ब्लॅक कंट्री नावाचा जुन्या कोळसा-लोखंडाचा मुलूख आहे, डडली वगैरे. तिथे गडद रंगाचे वाटाणे रात्रभर भिजवून डुकराच्या मांसाबरोबर मंद शिजवायचे, हा गरिबांचा पिढीजात पदार्थ. तुम्ही त्याच वाटाण्यांचं आपलं कालवण करून दाखवा, कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून. मांसाची उणीव भासणार नाही. दोघी मिळून भिजवलेल्या वाटाण्यांबद्दल तासभर बोलाल असं मला वाटतं, भाषा येवो न येवो.

सामान कुठे मिळेल? हँड्सवर्थच्या सोहो रोडवर पंजाबी दुकानांत मेथी, मुळा, दुधी, कोथिंबिरीच्या जुड्या. त्याच भागात कॅरिबियन दुकानं आहेत. तिथे ‘कलालू’ म्हणून पालेभाजी मिळाली, की ती घ्या, जमैकाची मंडळी माठालाच तसं म्हणतात. बुल रिंगच्या उघड्या बाजारात भाजी वाडग्याच्या हिशेबाने विकतात, आणि आतल्या बाजारात मासळी आहे. तिथला बांगडा आपल्यापेक्षा मोठा आणि फार तेलकट, म्हणून तिखल्यात खोबरं कमी घालून आंबट वाढवा. मटण म्हणाल तर साध्या दुकानातलं लँब कोवळं असतं. आपल्या हिशेबाने शिट्ट्या केल्यात तर लगदा होईल. बोकडाचं, हाडासकट हवं असेल तर स्पार्कब्रुककडचे हलाल खाटीक गाठा, ते बोटभर अंतरावर धरून तोडून देतील. वाघ्या घेवड्याची आठवण आलीच तर सुपरमार्केटात ‘बोर्लोटी’ नावाचे बी बघा, पट्टेसुद्धा तसेच. कच्ची कैरी महाग पडते. सप्टेंबरात ब्रॅम्ली नावाची आंबट सफरचंदं येतात, त्यांचा मेथांबा सुरेख होतो. ऱ्हूबार्बचे लाल देठ आमटीत चिंचेच्या जागी चालतात. पानं मात्र विषारी, ती फेकूनच द्यायची. आणि मुलाच्या सासऱ्यांकडे भाड्याचा मळ्याचा तुकडा असला, जसा तिथे कित्येकांकडे असतो, तर ऑगस्टमध्ये त्यांना घेवड्याच्या शेंगा कुणाला वाटू असं झालेलं असतं. दोऱ्या काढून, बारीक चिरून, जिरं-मिरचीवर परतलेली भाजी त्यांनाच परत डब्यातून पाठवा.

अळूचं आधी कळवते, नाहीतर शोधत फिराल. 2014 साली युरोपीय संघाने (ब्रिटन तेव्हा त्यात होता) फळमाश्यांवरून भारतातला आंबा बंद केला, तेव्हा त्याच यादीत अळू, कारलं, वांगी, पडवळही होतं. हापूसवरून वर्तमानपत्रांत केवढा गजहब झाला, अळूसाठी कुणी हूं की चूं केलं नाही. आंब्याची बंदी पुढच्या हंगामाआधी उठली. अळूची ताजी पानं अजूनही रोजची गोष्ट नाही. फतफत्यासाठी स्विस चार्ड घ्या, देठांसकट, हरभरा डाळ-दाणे घालून. ज्यांना ॲलर्जी नाही त्यांच्यासाठी, अर्थात.

राहता राहिली बॅग. कंदी पेढे नेऊ नका. साताऱ्याची बाई पेढ्यांशिवाय कशी जाणार, हे मला कळतं, पण भारतातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सामानातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. पेढे, खवा, तूप सगळं त्यात आलं. तुपातल्या लाडवांचा अधिकारी कसा अर्थ लावील याचाही भरवसा नको. ते तिथे जाऊन वळा. तिथलं बिनमिठाचं लोणी सुंदर असतं. 250 ग्रॅमच्या वड्या घ्या, मंद आचेवर कढवा, एका वडीचं साधारण 200 ग्रॅम तूप निघतं. कढताना जो वास सुटतो, त्याबद्दल तुमचा मुलगा तक्रार करणार नाही.

न्यायचं ते हे: गोडा मसाला पाव किलो, जास्त नको, शिळा होतो. त्यातलं दगडफूल-नागकेशर तिकडे गोळा करत बसणं जिवावर येतं. कांदा-लसूण मसाला, दुहेरी पिशवीत, नाहीतर सगळ्या साड्यांना लागेल. आमसुलं. हे पंजाबी दुकानात बहुधा नसतं. संपली तर तासाभराच्या रेल्वेने लेस्टरला जा, बेलग्रेव्ह रोडवर गुजराती दुकानं आहेत. तेही डाळीत कोकम घालतात, तेव्हा मिळेल. ज्वारी-बाजरीचं पीठही तिथेच. ते जुनं असलं तर भाकरी चिरते, म्हणून उकळत्या पाण्यात उकड काढून मळा.

पोळपाट राहू द्या, ओटा स्वच्छ पुसला की तोच पोळपाट. लाटणं मात्र आपलं न्या, तिकडचं जाडजूड असतं, पोळी कडेला पातळ होत नाही. आणि तव्याचं मुलाला आजच विचारा. शेगडी सपाट काचेची असेल तर आपला खोलगट तवा मध्यभागीच तेवढा टेकेल, बाजूला पोळी कच्ची राहील. सपाट बुडाचा बिडाचा घ्या, बॅगेत तळाशी ठेवा, आणि वजन त्याच्यासकट करून बघा.